श्रेय कोणाचं?

आपल्या मंडळात गप्पांचे विषय ऋतुमानाप्रमाणे ठरलेले असतात. संक्रांतीला बर्फ, पाडव्याला टॅक्स, गणपतीत पार्किंग आणि दिवाळीला इंडियाची तिकिटं. मुलं कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोचली की मात्र त्या घरापुरते हे सगळे ऋतू संपतात आणि बारा महिने एकच विषय उरतो : "समर इंटर्नशिप कुठे मिळाली?" हातात प्रसादाचं ताट धरून हा प्रश्न विचारला जातो. कंपनी मोठी असेल तर उत्तर देणाऱ्याचा आवाज किंचित खाली येतो, कारण नम्रता दिसायला हवी. कंपनी कोणी न ऐकलेली असेल तर "स्टार्टअप आहे, पण शिकायला खूप मिळतं हो" हे जरा मोठ्यानं सांगितलं जातं. मी दोन्ही आवाजांत बोललेलो आहे, तेव्हा कोणी हे स्वतःवर ओढवून घेऊ नये.

इंटर्नशिप कशी मिळवावी यावर मी लिहिणार नाही. त्यावर बोलणारे मंडळात पुष्कळ आहेत. मिळाल्यानंतर हातात जे येतं ते नक्की कोणाचं असतं, हा प्रश्न २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी आला आणि पाहुण्यासारखा दोन दिवसांत न जाता मुक्कामच ठोकून बसला. त्याबद्दल लिहावंसं वाटलं.

इंटर्न हा शब्द मूळचा फ्रेंच आणि तो आला वैद्यकातून. इस्पितळाच्या आत राहून काम शिकणारा तो इंटर्न. आपल्याकडचा जुना शब्द 'उमेदवार'. फारसीतल्या उमेदीवरून आलेला. म्हणजे आशेवर बसलेला माणूस. माझे आजोबा साताऱ्याकडच्या एका मामलेदार कचेरीत दीड वर्ष बिनपगारी उमेदवारी करत होते. एखादा कारकून निवृत्त झाला किंवा देवाघरी गेला की जागा रिकामी होई आणि उमेदवाराची उमेद फळाला येई. हल्ली हा शब्द निवडणुकीकडे गेला. आशेवर तेही असतातच म्हणा. आणि फारच मागे जायचं तर कठोपनिषदातला नचिकेता हा पहिला इंटर्न म्हणायला हरकत नसावी. यम घरी नाही म्हणून पोरगं तीन रात्री दारात उपाशी बसलं, आणि परतल्यावर पाहुणा उपाशी राहिला म्हणून खजील झाला तो यमच! भरपाई म्हणून नचिकेत्याला तीन वर मिळाले.

आजच्या इंटर्नला उपाशी राहावं लागत नाही. माझ्या मुलीला तिच्या कंपनीत तिन्ही वेळचं जेवण फुकट होतं, राहायला जागा होती आणि बारा आठवडे तिला जो पगार मिळाला तो महिन्याच्या हिशेबानं माझ्या पहिल्या अमेरिकन नोकरीच्या दुपटीहून जास्त होता. कंपनीचं नाव देत नाही. पश्चिम किनाऱ्यावरची एक बडी कंपनी, एवढं पुरे. पुढे जे येणार आहे ते त्या एकाच कंपनीत घडतं असंही नाही.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला तो बिल्ल्यांबद्दल. कायम नोकरांच्या गळ्यात एका रंगाचा बिल्ला, इंटर्नच्या गळ्यात दुसऱ्या रंगाचा आणि कंत्राटी लोकांच्या गळ्यात तिसऱ्या. तिला याची गंमत वाटली होती. मला वाटली नाही, कारण मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षं आयटी कन्सल्टंट आहे. म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसात बसून तिसऱ्याच्या पगारावर चौथ्याचं काम करणारा माणूस. बिल्ल्याचा रंग मला माझ्या रक्तगटासारखा पाठ आहे. कोणत्या मीटिंगला आपलं आमंत्रण नसतं, डिसेंबरच्या पार्टीच्या दिवशी आपण "आज घरून काम करतो" असं का म्हणतो, सगळ्यांना टी-शर्ट वाटले जात असताना आपण कॉफी आणायला कसे जातो, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. त्याचं दुःख वगैरे काही नाही. बिल वेळेवर पास झालं की झालं.

तिच्या टीमजवळ, चार टेबलं पलीकडे, असेच एक कंत्राटी गृहस्थ बसत. सोलापूरचे. वय चाळीशीच्या आतलं. ऑफिसात ती त्यांना अर्थातच पहिल्या नावानं हाक मारी, पण आमच्याशी बोलताना "सोलापूरचे काका" म्हणे. एकदा तिनं त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "काका काय म्हणतेस गं, दादा तरी म्हण!" त्यांचं काम डेटाच्या नळांची देखभाल करण्याचं. रात्रभर नोंदी इकडून तिकडे वाहतात, कुठे तुंबलं तर हे सकाळी मोकळं करणार.

मुलीचा प्रकल्प होता जुन्या नोंदींवरून एका गोष्टीचा अंदाज बांधणारा प्रोग्राम. तपशील सांगायला तिलाही परवानगी नाही आणि मलाही पूर्णपणे कळलेले नाहीत. नवव्या आठवड्यात तिचा प्रोग्राम शंभरातले शहाण्णव अंदाज बरोबर द्यायला लागला. मॅनेजर खूष, ही खूष, आम्ही इकडे एडिसनमध्ये खूष. बाराव्या आठवड्यात सगळ्यांपुढे सादरीकरण आणि त्यावरच पुढच्या कायम नोकरीची ऑफर अवलंबून.

सोलापूरच्या काकांनी जेवताना सहज आकडा ऐकला आणि म्हणाले, "शहाण्णव? आमचा डेटा इतका चांगला नाहीये." आयुष्यभर ज्यानं गटारं उपसली आहेत त्यालाच पाणी किती स्वच्छ असू शकतं ते ठाऊक! संध्याकाळी थांबून त्यांनी तिला दाखवलं. रात्री एखादी नोंद पाठवताना अडकली की यंत्रणा ती पुन्हा पाठवते, आणि पुन्हा पाठवताना तिला नवा क्रमांक देते. म्हणजे तीच नोंद दोन-तीन वेगळ्या क्रमांकांनी साठवली जाते. तिनं अर्ध्या नोंदींवर प्रोग्रामला शिकवलं होतं आणि उरलेल्यांवर त्याची परीक्षा घेतली होती. पण जुळ्या नोंदींमुळे परीक्षेतले कितीतरी प्रश्न आधीच गाइडात छापलेले होते. जुळी काढून टाकल्यावर शहाण्णवाचे एक्याऐंशी झाले.

पोर दोन दिवस जेवली नाही नीट. मग पुन्हा कामाला लागली आणि सगळं नव्यानं मोजलं. मॅनेजरला सांगितलं तर तो रागावण्याऐवजी म्हणाला की सादरीकरणाचा गाभा हाच ठेव. चूक सापडणं आणि खोटा मोठा आकडा टाकून खरा लहान आकडा घेणं यातच परिपक्वता दिसते. इथेच खरी अडचण सुरू झाली. तिच्या कामातली ज्या गोष्टीची सर्वांत जास्त तारीफ होणार होती, नेमकी तीच तिची नव्हती.

ती काकांकडे गेली आणि म्हणाली, तुमचं नाव स्लाइडवर घालते. ते म्हणाले, "अजिबात नको." ती दुसऱ्यांदा गेली. त्यांनी तिला बसवून समजावून सांगितलं. त्यांचे तास दुसऱ्या कामावर बिल होत होते. इंटर्नच्या प्रकल्पात डोकं घालणं त्यांच्या कंत्राटात नव्हतं. नाव पडद्यावर झळकलं की कोणीतरी विचारणार, हा माणूस कोणत्या खात्यातून या कामाला लागला? त्यांच्या पुरवठादार कंपनीला तो प्रश्न आवडणार नाही. आणि एच-वन-बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला हातात साठ दिवस. त्या वर्षीच्या जानेवारीत गूगलनं १२,००० आणि मायक्रोसॉफ्टनं १०,००० माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं. त्याआधीच्या नोव्हेंबरात मेटानं ११,०००. बाजारात माणसं मुबलक होती. काकांची मुलगी तिसरीत होती. "तू थँक यू म्हणालीस, पोचलं," असं म्हणून ते उठले.

रविवारी रात्री ती फोनवर होती आणि आम्ही दोघं स्पीकरवर. बायकोचं मत ताबडतोब तयार होतं : नाव घालायचं. प्रत्येकजण असंच भिऊन गप्प बसला तर ही पद्धत कायमची चालू राहणार; आणि मुलीनं करिअरची सुरुवात दुसऱ्याच्या कामावर टाळ्या घेऊन करायची का? माझं मत उलटं होतं. त्या माणसानं दोनदा नाही म्हटलं आहे. त्याच्या नकारावर पाय देऊन जे आभार मानायचे त्यातून मोकळं कोण होतं? आपण. आणि किंमत कोण मोजतं? तो. कृतज्ञता ही सुद्धा कधी कधी फार स्वार्थी असू शकते. आपलं मन हलकं करण्यासाठी आपण दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवतो. बायको म्हणाली, "तुम्ही स्वतः कंत्राटी आहात म्हणून असं बोलताय." हे खरंच होतं, पण त्यामुळे मुद्दा चुकीचा ठरत नाही.

इथे जरा इतिहासात जावं लागेल, कारण हे रंगीत बिल्ले कोणा दुष्ट माणसाच्या डोक्यातून निघालेले नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं 'तात्पुरते' म्हणून काम करणारे शेकडो लोक होते. त्यांना इंग्रजीत थट्टेनं 'पर्माटेम्प' म्हणत, म्हणजे कायमचे तात्पुरते. काम तेच, टीम तीच, पण कंपनीच्या शेअर योजनेत वाटा नाही. आधी इन्कमटॅक्स खात्यानं आक्षेप घेतला, मग १९९२ मध्ये या लोकांनी दावा लावला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं पडलं की ज्याला तुम्ही नोकरासारखं वागवता तो नोकरच. २००० च्या डिसेंबरात ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टनं प्रकरण मिटवलं.

न्याय झाला म्हणायचा. पण याचा धडा सगळ्या कंपन्यांच्या वकिलांनी काय घेतला, तर कंत्राटी माणसाला नोकरासारखं वागवूच नका! पार्टीला बोलावू नका, टी-शर्ट देऊ नका, थेट शाबासकीसुद्धा त्याच्या पुरवठादारामार्फत द्या. बिल्ल्याचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे उद्या कोर्टात फरक दाखवता येईल. समान वागणुकीसाठी जो खटला जिंकला गेला त्यातूनच वेगळ्या वागणुकीची भिंत पक्की झाली. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१९ मध्ये दिलेल्या बातमीनुसार गूगलमध्ये त्या वेळी कायम नोकर सुमारे १,०२,००० होते आणि तात्पुरते व कंत्राटी सुमारे १,२१,०००. म्हणजे भिंतीच्या पलीकडे अलीकडच्यापेक्षा जास्त माणसं.

या सगळ्यात वाईट वागलेलं कोण, असं विचारलं तर बोट ठेवायला माणूस सापडत नाही. मॅनेजर सज्जन, वकील दक्ष, पुरवठादार नियमानं चालणारा, काका भिडस्त, मुलगी प्रामाणिक. तरी कुठेतरी काहीतरी बिघडलेलं आहे हे त्या मुलीला कळलं आणि मला ते फार बरं वाटलं. वीस वर्षांच्या वयात गोष्टी अंगवळणी पडलेल्या नसतात, हा त्या वयाचा मोठा उपयोग.

मुलीनं शेवटी आमच्या दोघांपैकी कोणाचंच ऐकलं नाही. सादरीकरणात तिनं एक्याऐंशीचा आकडा दाखवला, जुळ्या नोंदींचा गुंता समजावला आणि म्हणाली, "हे मला सापडलेलं नाही. मला ते दाखवून देण्यात आलं. मी केलं ते एवढंच की पुन्हा मोजलं." मॅनेजरनं विचारलं, कोणी दाखवलं? ती म्हणाली, त्यांना नाव नको आहे. कोणीतरी हसलं, आणि लोक पुढच्या प्रश्नाकडे वळले. बायकोच्या मते हे अर्धंच झालं. माझ्या मते नेमकं झालं, आणि का ते सांगतो.

यात दोन वेगळी विधानं आहेत, आणि आपण ती नेहमी एकच समजतो. "हे माझं नाही" हे एक, आणि "हे त्यांचं आहे" हे दुसरं. पहिलं बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. ते माझ्याबद्दलचं सत्य आहे, ते बोलणं माझं काम आहे आणि त्याची किंमत मी मोजायची. दुसरं विधान त्या दुसऱ्या माणसाच्या मालकीचं आहे. त्याचं नाव कुठे झळकावं आणि कुठे नाही हे त्यानं ठरवावं. शाळेपासून आपल्याला शिकवतात ते दुसरं : आभार माना, श्रेय द्या. पहिलं कोणी शिकवत नाही. उलट "तुला सापडलं का?" असं कोणी विचारलं तर नुसतं हसून गप्प बसावं म्हणजे काम भागतं, हे आपण न शिकवता शिकतो. खोटंही बोललो नाही आणि श्रेयही मिळालं! ऑफिसातली कितीतरी प्रमोशनं या हसण्यावर उभी आहेत.

बायकोचा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. काकांचा नकार मोकळ्या मनाचा नव्हता, तो भीतीचा होता. भीतीपोटी दिलेला नकार मानायचा का? मला वाटतं, मानायचा. कारण धोका त्यांचा आहे, आणि माझ्या मुलीला तर दोन आठवड्यांनी विमानात बसून कॉलेजला परत जायचं होतं. ज्याला काही गमवायचं नाही त्यानं दुसऱ्याला धीट हो म्हणणं सोपं असतं. पण मानला म्हणजे सगळं ठीक झालं, असं समजायचं नाही. शिल्लक काहीतरी राहतंच.

ही शिल्लक मला जास्त सतावते, कारण काका त्या बाजूला आणि मी जरा अलीकडे, यात माझं कर्तृत्व किती हे मी मोजून पाहिलं आहे. मी कराडच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात शिकलो. फी आजच्या मानानं नगण्य. बाकीचा खर्च ज्यांनी कर भरून उचलला त्यांतल्या बहुतेकांनी ते कॉलेज पाहिलंही नसेल. १९९९ मध्ये ओहायोत एमएसला आलो, २००१ मध्ये नोकरीला लागलो. त्या काळात एच-वन-बीची वार्षिक मर्यादा तीन वर्षांसाठी १,९५,००० वर नेलेली होती, त्यामुळे मला लॉटरी ठाऊकच नाही. पुढे ग्रीन कार्डची रांग लागली, आणि २००७ चा जुलै आला. तो महिना ज्यांनी भोगला त्यांना वेगळं सांगायला नको. एकदम सगळ्यांच्या तारखा खुल्या झाल्या, लगेच बंद झाल्या, लोकांनी निषेध म्हणून इमिग्रेशनच्या साहेबांना मुन्नाभाई छापाची फुलं पाठवली आणि दोन आठवड्यांनी खिडकी पुन्हा महिनाभर उघडली. त्या खिडकीतून ज्यांनी अर्ज आत सरकवले त्यांच्यात मी होतो. सोलापूरचे काका तेव्हा कॉलेजात होते. ते २०१३ मध्ये लॉटरी लागून आले. कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत या नियमामुळे आता त्यांच्या रांगेतले लोक वर्षांत नाही, दशकांत बोलतात. माझ्यात आणि त्यांच्यात हुशारीचा फरक असेल तर तो त्यांच्या बाजूनं आहे. बाकी फरक जन्मसालाचा.

आपल्या संमेलनांत मात्र एकच गोष्ट फिरून फिरून ऐकू येते : दोन बॅगा, खिशात थोडे डॉलर, आणि नंतर सगळं स्वकष्टानं. कष्ट खोटे नव्हते. 'स्वकष्टानं' या शब्दातला 'स्व' जरा तपासून घ्यावा, इतकंच. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला त्या मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये तो पुस्तकात वापरला होता थट्टा म्हणून, इशारा म्हणून. लोकांनी तो आदर्श म्हणून उचलला. म्हाताऱ्यानं २००१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून तक्रार केली, पण तोवर शब्द हातचा गेला होता. हार्वर्डच्या जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलं की जन्मतः मिळालेली बुद्धी आणि घराणं यांवर आपला नैतिक हक्क सांगता येत नाही, कारण त्यासाठी आपण काही केलेलं नसतं. त्यांचेच सहकारी रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये उलट विचारलं : बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचा खेळ पाहायला लोक राजीखुशीनं पंचवीस पंचवीस सेंट देत असतील तर त्याच्या श्रीमंतीत कोणाचं काय बिघडलं? मी दोघांनाही मानतो. आपण सगळे पगाराच्या दिवशी नोझिक असतो आणि लेऑफच्या दिवशी रॉल्स!

मला स्वतःला जास्त पटते ती गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात असं तिथे म्हटलं आहे : ज्यावर काम उभं राहतं ते अधिष्ठान, करणारा कर्ता, त्याची साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली, आणि पाचवं दैव. कर्ता यादीत आहे, त्याला वगळलेलं नाही. पण तो पाचांतला एक आहे. आणि स्वतःला एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला दिसतच नाही, असं पुढे बजावलंय. मुलीच्या एक्याऐंशीच्या आकड्याला ही यादी लावून पाहिली. अधिष्ठान कंपनीचं, साधनं कंपनीची, हालचालींत काकांची ती संध्याकाळ, आणि दैव म्हणजे नेमक्या त्या दिवशी त्यांनी जेवायला शेजारच्या टेबलावर बसणं. कर्ती ती होतीच. नव्यानं मोजलं तिनं, रात्री जागून.

गंमत म्हणजे आपण 'क्रेडिट'ला मराठीत श्रेय म्हणतो. मूळ संस्कृतात श्रेय म्हणजे हिताचं, कल्याणाचं. नचिकेत्याला यमानं शिकवलं ते हेच, की श्रेय वेगळं आणि प्रेय, म्हणजे आवडतं, वेगळं. शहाण्णवाचा आकडा हा प्रेय होता. आता त्याच श्रेय शब्दाचा अर्थ आपण 'शाबासकी कोणाला' इतका लहान केला आहे.

शिल्लक ऋणाचं काय करायचं? देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं अशी तीन ऋणं आपण लहानपणी ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही आहे, माणसांचं. आणि ते फेडायचा मार्ग सांगितला आहे तो माणसांना आसरा देणं, जेवू घालणं. या ऋणांची एक सोय अशी की ती घेतली तिथेच परत करायची नसतात. ऋषींचं ऋण अध्ययनानं फिटतं, पितरांचं पुढच्या पिढीमुळे. "मला कोणी मदत केली, मी पुढे कोणाला तरी करीन" हे आपल्याला फार आवडतं. मी या सोयीबद्दल जरा साशंक आहे. ऋषी हयात नसतात म्हणून त्यांचं ऋण पुढे ढकलायचं. जो माणूस चार टेबलं पलीकडे बसला आहे त्याचं ऋण पुढच्या पिढीच्या नावावर का टाकायचं?

मुलीला ऑफर आली. पदवी घेऊन २०२४ च्या उन्हाळ्यात ती त्याच कंपनीत लागली. तोवर काकांचं तिथलं कंत्राट संपलं होतं आणि ते दुसऱ्या पुरवठादाराकडून टेक्सासला गेले होते. गेल्या महिन्यात तिच्या खात्यात डेटाच्याच कामाची एक कायम जागा निघाली. कर्मचारी कोणाचं नाव सुचवू शकतात. ती मला म्हणाली, "बाबा, हा वशिला होतो का?" मी माझी व्याख्या सांगितली. सांगणाऱ्याला उमेदवाराचे वडील ठाऊक असतात तो वशिला. उमेदवाराचं काम ठाऊक असतं ती शिफारस. मंडळातले काही मित्र या व्याख्येवर नाराज होतील याची मला कल्पना आहे.

तिनं काकांना फोन केला. जुना पुरवठादार सुटलेला असल्यामुळे आता त्यांची हरकत नव्हती. शिफारशीच्या फॉर्मवर एक रकाना होता : या व्यक्तीला तुम्ही कोणत्या नात्यानं ओळखता? पर्याय होते मॅनेजर, सहकारी, वर्गमित्र, इतर. तिनं 'इतर'वर खूण केली आणि खाली सगळा प्रकार लिहिला : आपला इंटर्नशिपचा प्रकल्प, शहाण्णवाचा आकडा, जुळ्या नोंदी, आणि त्या कोणी दाखवल्या ते, नावानिशी. त्यात तिनं असंही लिहिलं होतं की त्यांनी माझ्यासाठी अख्खी संध्याकाळ खर्च केली. पाठवण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "बाकी ठीक आहे. अख्खी संध्याकाळ नको लिहूस, पाऊण तास लागला होता." तिनं पाऊण तास लिहून फॉर्म पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.